फ्यूज बॅटरीच्या उशाशीच हवा: खाडीकाठच्या खोलीतलं सोलर वायरिंग

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बेलापूरला दिवाळे कोळीवाड्यात खाडीलगत तुमच्या वडिलांची जाळी ठेवायची खोली आहे. तिथे मीटर नाही. जुन्या घरावरून उतरवलेली ३३५ वॅटची दोन पॅनल, १२.८ व्होल्ट १०० एएचची नवी लिथियम बॅटरी, ४० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारा) आणि ८०० वॅटचा इन्व्हर्टर एवढं सामान तुम्ही जमवलंय. त्यावर १२ व्होल्टचे चार एलईडी बल्ब, एक डीसी पंखा, मोबाइल चार्जिंग आणि होडीच्या डागडुजीसाठी ६०० वॅटची ड्रिल मशीन चालवायची आहे. ओळखीच्या वायरमनने सांगितलं, "सगळीकडे सहाची वायर ओढ, इन्व्हर्टरजवळ घरातली ६३ ची एमसीबी लाव, झालं काम." सहाची म्हणजे ६ चौरस मिलिमीटरची वायर, आणि एमसीबी म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारा स्विच. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर कुठे किती अँपिअरचा फ्यूज लावायचा, असं तुम्ही विचारलंय.

बरोबर नाही. त्या वायरमनला मी नावं ठेवत नाही. घरातलं वायरिंग तो उत्तम करत असेल, पण घरातली सवय इथे घात करते. घरात फ्यूज मीटरपाशी असतो, कारण वीज तिथून येते. या खोलीत वीज बॅटरीतून येते. म्हणून फ्यूज बॅटरीपाशी लागतो. तुमच्या योजनेत तो इन्व्हर्टरपाशी आहे, म्हणजे बॅटरी ते इन्व्हर्टर ही सगळ्यात धोक्याची वायर उघडी राहिली. तिला वाली कोणी नाही.

मी ठाण्यात गेली बावीस वर्षं हे काम करतोय. लोडशेडिंगच्या दिवसांत इन्व्हर्टर-बॅटरी बसवण्यापासून सुरुवात झाली, मग सोलर आलं. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकांना जी गोष्ट समजावून सांगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो ती ही: फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरसाठी असतो. इन्व्हर्टर आतून जळाला तर फ्यूज त्याला वाचवत नाही, तो तेव्हा आधीच गेलेला असतो. फ्यूजचं काम एवढंच, की वायर तापून लाल व्हायच्या आत करंट तोडायचा. हे एकदा डोक्यात बसलं की कुठे किती अँपिअरचा, याचं उत्तर तुम्ही स्वतःच काढू शकाल.

एक प्रसंग सांगतो. घोडबंदर रस्त्याला एका रोपवाटिकेत दुसऱ्या कुणीतरी केलेलं काम बघायला मला बोलावलं होतं. १२ व्होल्टची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी, पत्र्याची शेड, बॅटरी एका कोपऱ्यात आणि इन्व्हर्टर चार फुटांवर खांबाला. फ्यूज होता, चांगला दणकट होता, पण इन्व्हर्टरच्या डब्याशेजारी. मधली लाल वायर शेडच्या लोखंडी अँगलवरून नेलेली. अँगलची कड धारदार होती, आणि अँगलचं दुसरं टोक बॅटरीच्या स्टँडला, स्टँड निगेटिव्हला टेकलेला. पंख्याच्या वाऱ्याने वायर रोज थोडी थोडी घासली जात होती. एके दिवशी इन्सुलेशन फाटलं आणि तांबं अँगलला लागलं. मी गेलो तेव्हा आग विझलेली होती. अँगलवर बोटाएवढा खड्डा पडला होता, लोखंड वितळून थेंबासारखं गोठलं होतं. भिंतीवर वायर जिथून गेली होती तिथे तिच्याच वळणाची काळी रेघ उमटली होती, खालून वरपर्यंत अखंड. आणि तो फ्यूज शाबूत होता. मी मीटर लावून बघितला, एकदम ठणठणीत. शॉर्ट त्याच्या अलीकडे झाला होता, त्याच्यातून करंट गेलाच नव्हता, तर तो उडणार कसा?

लोक म्हणतात, बारा व्होल्ट तर आहे, हात लावला तरी झटका बसत नाही. झटका बसत नाही हे खरं. पण आग लावायला व्होल्टेज लागत नाही, करंट लागतो. बॅटरीचा अंतर्गत रोध आणि जोडण्या मिळून ५ मिलिओहम धरा. १२.८ भागिले ०.००५ म्हणजे अडीच हजार अँपिअरच्या वर. घरातल्या मेन एमसीबीवर ३२ किंवा ६३ लिहिलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. हातातला पाना चुकून दोन टर्मिनलवर आडवा पडला तर तो तिथेच वेल्ड होतो. मी माझ्या पान्यांच्या दांड्यांवर इन्सुलेशन टेपचे तीन-तीन थर गुंडाळून ठेवतो आणि बॅटरीवर काम करताना हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढून खिशात टाकतो. तुम्हीही तसंच करा, गळ्यात साखळी असेल तर तीसुद्धा.

"लिथियम बॅटरीत बीएमएस असतो की, तो शॉर्ट झाला तर बंद करतो" असंही तुम्ही लिहिलंय. बीएमएस म्हणजे बॅटरीच्या आतलं राखण करणारं सर्किट. तो बंद करतो, बहुतेक वेळा. पण त्यातले स्विच मॉसफेटचे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक असतात, आणि मॉसफेट जातो तेव्हा पुष्कळदा बंद व्हायच्या ऐवजी कायमचा चालू राहतो. म्हणून त्याला पहिला पहारेकरी माना, पण त्याच्या भरवशावर झोपू नका.

आता तुमच्या खोलीचा हिशोब. इन्व्हर्टर पूर्ण ८०० वॅटवर चालला आणि त्याची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर बॅटरीतून ८०० भागिले १२ भागिले ०.८५, म्हणजे साधारण ७८ अँपिअर ओढले जातील. तुमची ड्रिल ६०० ची, म्हणजे ५९ च्या आसपास. बल्ब, पंखा, मोबाइल मिळून ८ धरू. प्रत्यक्षात एका वेळी जास्तीत जास्त ६७. थोडी मोकळीक म्हणून त्याला सवा पट केलं की ८४, त्याच्या वरचा बाजारात मिळणारा फ्यूज १०० चा. तुमच्या बॅटरीच्या बीएमएसची मर्यादा १०० अँपिअर असेल तर हे जुळतंच. लेबल वाचून खात्री करा, काही स्वस्त बॅटऱ्यांत बीएमएस ५० चाच असतो. तसं असेल तर हा इन्व्हर्टर त्या बॅटरीवर पूर्ण ताकदीने चालणार नाही.

फ्यूज १०० चा ठरला, आता वायर अशी हवी की ती १०० अँपिअर निवांत पेलेल. सहाची वायर? तिची गत बघा. बॅटरी ते इन्व्हर्टर दीड मीटर, जाऊन-येऊन तीन मीटर. सहा चौरस मिलिमीटर तांब्याच्या तीन मीटरचा रोध ०.००८७५ ओहम येतो. ७८ अँपिअरला त्यात ०.६८ व्होल्ट पडतात आणि ५३ वॅट उष्णता होते. म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी धग, तीही केसिंग पट्टीच्या आत कोंडलेली. ड्रिल सुरू होताना क्षणभर दुप्पट करंट ओढते, तेव्हा वायरमध्येच एक व्होल्ट जातो. मग बॅटरी भरलेली असतानाही इन्व्हर्टर लो बॅटरीची शिटी मारतो, आणि माणूस बॅटरी खराब निघाली म्हणून दुकानदाराशी भांडायला जातो. अशी निम्मी भांडणं बारीक वायरीची असतात. हाच हिशोब ३५ च्या वायरीने केला तर ०.१२ व्होल्ट आणि ९ वॅट. म्हणून ३५ घ्या, तांब्याची, बारीक तारांची फ्लेक्सिबल. २५ वर अनेकजण भागवतात, पण १०० च्या फ्यूजमागे पत्र्याच्या गरम खोलीत मी २५ टाकत नाही. अंतर कमी ठेवा, इन्व्हर्टर बॅटरीच्या शेजारच्या भिंतीवर घ्या. तांबं महाग आहे, त्यामुळे अंतर कमी करण्याइतका दुसरा स्वस्त उपाय नाही.

जोडणीचा क्रम असा ठेवा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ३५ ची वायर निघते. वीतभर अंतरात १०० चा मेन फ्यूज. त्यानंतर बॅटरी तोडायचा मोठा रोटरी स्विच, मग बसबार, म्हणजे सगळ्या वायरी एकत्र जोडायची धातूची पट्टी. बसबारवरून इन्व्हर्टरकडे पुन्हा ३५ चीच वायर. तिला वेगळा फ्यूज लागत नाही, कारण वायर तीच आहे आणि तिला सांभाळणारा १०० चा मागे बसलेला आहे. पण बसबारवरून कंट्रोलरकडे १६ ची वायर जाईल. इथे वायर बारीक झाली, आणि जिथे वायर बारीक होते तिथे नवा फ्यूज येतो. ४० चे सवा पट ५०, तेव्हा तिथे ५० चा, बसबारला लागूनच. लक्षात घ्या, कंट्रोलर बॅटरीला करंट देतो हे खरं, पण ही वायर शॉर्ट झाली तर करंट बॅटरीकडून उलटा येणार आहे. म्हणून इथेही फ्यूज बॅटरीच्या बाजूच्या टोकाला. तिसरा फाटा बल्ब-पंख्याचा. तिथे चारची वायर आणि १५ चा फ्यूज, पुढे गाडीत असते तशी फ्यूजची छोटी डबी, आणि त्यातून प्रत्येक बल्ब-पंख्याला अडीचची वायर ५ च्या फ्यूजसह. निगेटिव्ह सगळे दुसऱ्या बसबारवर. बल्बाचा किंवा पंख्याचा निगेटिव्ह थेट बॅटरीच्या टर्मिनलवर नेऊन अडकवू नका. एका बोल्टवर पाच लग (वायरच्या टोकाला बसवतात ती भोकाची टोकं) चढवलेली बॅटरी मी नेहमी बघतो, आणि त्यातला एखादा तरी ढिला असतोच.

फ्यूज कोणत्या जातीचा हे अँपिअरइतकंच महत्त्वाचं आहे. अडीच हजार अँपिअर तोडायचे आहेत. गाडीतला रंगीत पात्याचा फ्यूज साधारण एक हजार अँपिअरपर्यंतचा शॉर्ट तोडू शकतो. त्याच्यावर गेलं की आतली तार वितळते, पण मधल्या फटीतून ठिणगी चालूच राहते, आणि प्लॅस्टिक पेटतं. म्हणून तो मेन म्हणून चालत नाही, डबीत मात्र चालतो. कारण तिथवर वायरचा रोध मधे आलेला असतो: अडीचच्या वायरचे जाऊन-येऊन सहा मीटर धरले तर ०.०४२ ओहम, आणि त्यातून शॉर्टला तीनशेच्या आसपासच अँपिअर वाहू शकतात. मेनला क्लास टी फ्यूज सगळ्यात उत्तम, त्याची तोडायची क्षमता वीस हजार अँपिअरची असते. आपल्याकडे तो सहज मिळत नाही, ऑनलाइन मागवावा लागतो आणि महाग पडतो. मी बऱ्याच ठिकाणी चिनी मातीच्या अंगाचा, वाळू भरलेला एचआरसी फ्यूज त्याच्या बेससह वापरतो. मुंबईत लोहार चाळीत कुठल्याही स्विचगिअरच्या दुकानात मिळेल. फक्त अंगावर डीसी व्होल्टेज छापलेलं आहे ना ते बघून घ्या, नुसतं एसी लिहिलेला घेऊ नका. काचेच्या नळीचा किंवा गाडीतल्या अँप्लिफायरला मिळतो तो सोनेरी मुलाम्याचा नावगाव नसलेला फ्यूज या जागी नको. कुठल्या रेटिंगला तो खरंच तुटेल हे कुणालाच सांगता येत नाही.

आता एमसीबी. घरातली एसी एमसीबी डीसीवर का चालत नाही, याचं कारण साधं आहे. आपल्या ५० हर्ट्‌झच्या एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. संपर्क उघडताना ठिणगी पडते, पण पुढच्या शून्याला ती आपोआप विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी ओढली की ती तशीच जळत राहते, एमसीबीच्या पोटात. मात्र इथे सरसकट "चालतच नाही" म्हणणंही बरोबर नाही. चांगल्या कंपन्यांच्या काही एमसीबींच्या माहितीपत्रकात एका पोलला ४८ किंवा ६० व्होल्ट डीसी चालेल असं दिलेलं असतं. तसं छापील असेल तर १२ व्होल्टच्या फाट्यावर ती लावायला हरकत नाही. पण मेन फ्यूजच्या बदली नाही, आणि पॅनलच्या बाजूला तर मुळीच नाही, तिथे नव्वद व्होल्ट आहेत.

डीसी एमसीबी घेतलीत तर आणखी एक खुबी बघा. पुष्कळ डीसी एमसीबींवर अधिक-उणे खुणा असतात. आत ठिणगी ढकलायला चुंबक असतो, आणि तो एकाच दिशेने ढकलतो. उलटी जोडली तर ठिणगी विझवण्याच्या कप्प्याकडे न जाता यंत्रणेकडे जाते आणि एमसीबीच पेटते. पॅनलकडून येणारा करंट एकाच दिशेचा, तिथे खुणा बघून जोडलं की झालं. पण बॅटरीच्या मेन वायरीत चार्ज होताना करंट एका दिशेने आणि ड्रिल चालवताना दुसऱ्या दिशेने जातो. तिथे अशी खुणावाली एमसीबी कधीच लावू नका. बाजारात ही चूक रोज होतेय, आणि विकणाऱ्यालाही बरेचदा माहीत नसतं.

पॅनलची गोष्ट वेगळी आहे, आणि इथे लोक नको तिथे फ्यूज लावतात. तुमच्या ३३५ वॅटच्या पॅनलचा शॉर्ट-सर्किट करंट साधारण ९.४ अँपिअर आणि चालू काम करतानाचा ८.९ च्या आसपास. म्हणजे पॅनल पूर्ण शॉर्ट केलं तरी करंट जेमतेम अर्धा अँपिअर वाढतो. तिथे १५ चा फ्यूज लावून तो कधी उडणार? पॅनल बॅटरीसारखं पिसाळत नाही. तीन किंवा जास्त ओळी समांतर असतील तर इतर ओळींचा करंट बिघडलेल्या ओळीत उलटा घुसू शकतो, तेव्हा प्रत्येक ओळीला फ्यूज लागतो. तुमची दोनच पॅनल आहेत, गरज नाही. तिथे हवा तो दोन पोलचा डीसी आयसोलेटर (दोन्ही वायरी एकदम तोडणारा स्विच), कंट्रोलरजवळ, १६ अँपिअरचा, म्हणजे पॅनल बंद करून काम करता येईल.

दोन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग, जोडा. दहा मीटर अंतरावर चारच्या सोलर केबलमध्ये सिरीजला ०.८ व्होल्टच जातात, आणि एकूण पंचाहत्तर व्होल्टमध्ये ते एक टक्का. समांतर जोडलीत तर करंट दुप्पट, व्होल्टेज निम्मं, आणि नुकसान चार टक्क्यांवर. पण त्याआधी कंट्रोलरवर पॅनलची कमाल मर्यादा १०० व्होल्ट लिहिलीय की १५० ते बघा. अशा पॅनलचं मोकळं (काहीही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज साडेपंचेचाळीसच्या आसपास असतं, दोघांचं ९१. आपल्याकडे थंडीत पहाटे पारा १५ अंशांच्या आसपास उतरला की ते तीन टक्के वाढून ९४ होतं. १५० चा कंट्रोलर असेल तर निर्धास्त सिरीज करा. १०० चा असेल आणि तुमच्या पॅनलच्या पाठीवर ४६ पेक्षा जास्त लिहिलेलं असेल तर मी समांतर जोडून सहाची केबल आणि ३२ चा आयसोलेटर वापरेन. कमाल मर्यादा ओलांडली की कंट्रोलर त्याच क्षणी जातो आणि वॉरंटीत बसत नाही. ६७० वॅट चाळीसच्या कंट्रोलरला जास्त होतात, पण चांगला एमपीपीटी जास्तीचे फक्त घेत नाही. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवसांत तेच जास्तीचे वॅट कामाला येतात.

पॅनलच्या केबलचे एमसी४ कनेक्टर ऊन असताना, करंट चालू असताना कधी ओढून काढू नका. आधी आयसोलेटर बंद. पॅनलवर काम करताना ताडपत्री टाका. खाडीच्या खाऱ्या हवेत ओल्या हातांना नव्वद व्होल्ट डीसी चांगलाच जाणवतो.

लगबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण आग बहुतेक वेळा वायरच्या मधे लागत नाही, टोकाला लागते. ३५ ची वायर पकडीने दाबून किंवा हातोडीने ठोकून लगमध्ये बसत नाही. हायड्रॉलिक क्रिम्पिंग मशीन लागतं. तुमच्याकडे नसेल तर वायर मापाने कापून केबलच्या दुकानातच लग दाबून घ्या, बरेच दुकानदार करून देतात. लग तांब्याचा, कलई केलेला. दाबल्यावर वायर पकडून लग जोरात ओढून बघा, तसूभरही हलता कामा नये. नुसत्या शिशाने डाग देऊन लग बसवू नका, वायर तापली की शिसं मऊ होतं आणि वायर निसटते.

आणि जोडताना बोल्टवर काय आधी येतं ते बघा. बॅटरीचं टर्मिनल, त्यावर थेट लग, मग साधा वायसर, मग स्प्रिंग वायसर, मग बोल्ट किंवा नट. लग आणि टर्मिनल यांच्या मधे वायसर येता कामा नये. मागच्या वर्षी कळव्यात एका ठिकाणी इन्व्हर्टर अधूनमधून बंद पडतो म्हणून गेलो. बॅटरीचं टर्मिनल निळसर पडलेलं, शेजारचं प्लॅस्टिक फुगलेलं. उघडलं तर मधे एक स्टीलचा वायसर. स्टील तांब्यापेक्षा कितीतरी वाईट वाहक, आणि सगळा करंट त्या चकतीतून जात होता. वायसर काढून लगच्या वर टाकला, घासून साफ केलं, त्या दिवसानंतर इन्व्हर्टर बंद पडलेला नाही. पाच रुपयांची चकती होती ती.

तुमची खोली खाडीला लागून आहे, म्हणून इथलं काम ठाण्यातल्या घरासारखं करून चालणार नाही. खाऱ्या हवेत उघडं तांबं दोन पावसाळ्यांत हिरवं पडतं, आणि ते हिरवं केशाकर्षणाने वायरच्या आतवर चढतं. पॅनलकडची केबल सोलरचीच घ्या, तिच्या तारा कलई केलेल्या असतात. लगच्या मानेवर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा, घट्ट करून झाल्यावर जोडावर व्हॅसलिनचा पातळ थर. डब्यात केबल खालून शिरल्या पाहिजेत, ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणारं बूच), आणि शिरण्याआधी खाली एक झोका दिलेला हवा, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी टपकून जातं. कोळीवाड्यात घुशी असतात, त्यांना वायरच्या प्लॅस्टिकचं काय आवडतं कोण जाणे. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत वायर पाइपातून न्या.

आणि जाळी. ही गोष्ट तुम्ही प्रश्नात ओघात लिहिलीत, पण माझी नजर तिथेच अडकली. नायलॉनची जाळी पेटली तर वितळत, ठिबकत जळते, आणि ठिबकणारा थेंब खाली जिथे पडेल तिथे पेटवतो. बॅटरी, फ्यूज, इन्व्हर्टर यांच्या वर किंवा तीन-चार फुटांच्या आत जाळी, दोर, थर्माकोलचे फ्लोट काहीही नको. सामान प्लायवूडवर न लावता सिमेंट शीटवर लावा. बोटीचं डिझेल त्या खोलीत ठेवत असाल तर आधी ते बाहेर काढा, मगच सोलरचं काम सुरू करा. वडिलांना ही अडचण वाटेल, जागा कमी आहे हे मला माहीत आहे. तरी या एका बाबतीत ऐकू नका. बॅटरी माळ्यावर ठेवायचा विचार असेल तर तोही सोडा. मे महिन्यात पत्र्याखाली लिथियम बॅटरीच्या चार्जिंगची ४५ अंशांची मर्यादा सहज ओलांडली जाते. ती खाली, विटांच्या ओट्यावर, भरतीचं पाणी येतं त्याच्या वर, आणि हवा खेळती.

इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूचं थोडक्यात. तिथे घरातलीच एमसीबी चालते, ६ अँपिअरची पुरे, आणि सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच. पण इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसेल तर आरसीसीबी नुसता शोभेला राहतो, अंगाला शॉक बसला तरी उडत नाही. जोडायचा की नाही ते इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत बघा, काही इन्व्हर्टरना ते चालत नाही. पॅनलची चौकट आणि इन्व्हर्टरची बॉडी अर्थला जोडा. खाडीकाठची जमीन ओली आणि खारी, अर्थिंग छान मिळतं, पण जीआयचा पाइप तिथे लवकर गंजतो, तांब्याचा मुलामा असलेला रॉड घ्या. रंगांचा घोळ टाळा. आपल्याकडे एसीत काळी वायर न्यूट्रल, आणि डीसीत काळी म्हणजे निगेटिव्ह. उद्या दुसरा कुणी वायरमन आला तर गोंधळेल. एसी आणि डीसीचे डबे वेगवेगळे, आणि प्रत्येकावर मार्करने लिहा. १२ व्होल्टला घरातला तीन पिनचा सॉकेट कधीही वापरू नका, एखादा पोरगा त्यात चार्जर लावेलच.

सगळं जोडून झालं की सुरू करायचा क्रम: आधी बॅटरी, मग पॅनल. बंद करताना उलट, आधी पॅनल. पॅनल चालू असताना बॅटरी तोडली तर काही कंट्रोलर पुढच्या बाजूला जास्त व्होल्टेज सोडतात आणि बल्ब जातात. इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्याच्या आतले कपॅसिटर एकदम भरतात, जोराची ठिणगी पडते, लगला खड्डा पडतो. म्हणून मी रिक्षाच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब वापरतो. इन्व्हर्टरचा स्विच बंद ठेवून बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरीच्या आणि इन्व्हर्टरच्या टर्मिनलच्या मधे तो बल्ब पाच सेकंद धरायचा. लखकन पेटतो, हळूहळू विझतो. विझला की बल्ब काढून लगेच वायर जोडायची, ठिणगी पडत नाही. बल्ब विझलाच नाही, तसाच जळत राहिला, तर थांबा. कुठेतरी जोडणी चुकली आहे किंवा इन्व्हर्टर आत शॉर्ट आहे. एवढ्याशा बल्बाने माझे दोन इन्व्हर्टर वाचवलेत.

कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेट निवडा, चार्ज १४.२ ते १४.४ व्होल्ट, फ्लोट १३.५ व्होल्ट, इक्वलायझेशन बंद. लेड अ‍ॅसिडची सेटिंग तशीच राहिली तर बीएमएस वारंवार तोडत बसेल.

पहिल्या दिवशी ड्रिल दहा मिनिटं चालवा, मग प्रत्येक लगला, फ्यूजच्या दोन्ही टोकांना, स्विचला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. बोट टेकवून ठेववत नसेल तर तो जोड उघडा, पुन्हा करा, फ्यूज मोठा करू नका. महिन्याभराने सगळे बोल्ट एकदा आवळा, नवे लग थोडे बसतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते, तेव्हा खोली बंद राहील असं धरतो. बंद करताना बॅटरी निम्म्याच्या थोडी वर चार्ज ठेवा, आधी पॅनलचा आयसोलेटर आणि मग बॅटरीचा मोठा स्विच बंद करा, इन्व्हर्टरचा तर आधीच. पुन्हा होडी पाण्यात काढायच्या आधी डबे उघडून बघा: कुठे हिरवं पडलंय का, घुशीने काही कुरतडलंय का, ग्लँडमधून पाणी आत आलंय का. कोरड्या फडक्याने पुसून, बोल्ट आवळून, मगच स्विच चालू करा. काम सुरू करण्याआधी बॅटरीच्या, कंट्रोलरच्या आणि एका पॅनलच्या पाठीवरच्या लेबलचे फोटो पाठवलेत तर वरचे आकडे तुमच्या सामानाशी ताडून देतो. विशेषतः तो १०० की १५० चा कंट्रोलर, ते कळल्याशिवाय पॅनल जोडू नका.